सांभाळून घेतलेला श्वास

आमच्या वन्सं बाहेरून आल्या की आधी हात धुतात. पाणी पिणं नंतर, चपला कोपऱ्यात सरकवणं नंतर. मनगटापासून बोटांपर्यंत साबण, मग नखं तळहातावर घासायची, आणि नळ बंद करायचा तो कोपराने. आमचा नळ जुना फिरकीचा, कोपराने बंद होत नाही. तरी त्या एकदा कोपर लावून बघतातच. "घड्याळबाई आल्या, नळ सांभाळा," असं हे आतून ओरडायचे.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. घड्याळबाई हे नाव ह्यांचंच. नर्सिंगच्या वर्गात नाव घातलं तेव्हा छातीवर टाचायचं घड्याळ त्यांनी विकत घेतलं आणि तेव्हापासून त्या कुणाशीही बोलताना मधूनच खाली मान घालून छातीकडे बघत. नवख्या माणसाला वाटायचं बाई लाजतेय.

लाजण्याचे दिवस त्यांचे केव्हाच सरले होते. लग्नाला फार काळ झाला नव्हता तोच नवरा गेला. सासरच्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त त्यांची पेटी दाराजवळ आणून ठेवली. त्या माहेरी आल्या, आठ दिवस भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि नवव्या दिवशी एका लहानशा बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून लागल्या. बादल्या, रक्ताच्या चादरी, बेडपॅन. तिथल्या मेट्रनबाईंनी एकदा त्यांना एका अवघडलेल्या बाईला कुशीवर वळवताना पाहिलं आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. शीक की." म्हणून बरोबरीच्या बायकांची मुलं कॉलेजात जायच्या वयाला आमच्या वन्सं बाकावर जाऊन बसल्या. वर्गातल्या मुली त्यांना मावशी म्हणायच्या.

अभ्यासक्रम पुरा झाला, पण परवान्याची परीक्षा उरली होती. ती पास झाल्याशिवाय साधी सुईसुद्धा टोचता येत नाही. पहिल्या खेपेला लेखी पेपर उत्तम गेला आणि प्रात्यक्षिकात त्या नापास झाल्या. परीक्षक शेजारी उभे राहिले आणि नाडी मोजता मोजता वन्संच्या डोक्यातून आकडाच निसटला. मेट्रनबाईंनी नर्सची जागा दुसऱ्या परीक्षेपर्यंत राखून ठेवली होती. ह्या वेळी नाही जमलं तर पुन्हा बादल्या, आणि मग कायमच्या.

त्यामुळे आमचं घर म्हणजे वॉर्ड झालं. जाडजूड पुस्तक माझ्या सासूबाईंच्या मांडीवर असायचं. प्रश्न विचारायचं काम त्यांचं. दुपारची भांडी आवरून मी भाजी निवडायला बसले की दोघींची शाळा सुरू.

"औषध देण्याआधी काय बघशील?"

"माणूस तोच आहे ना."

"कसं बघशील?"

"त्याचं नाव विचारीन."

"नाव घेऊन विचारशील, की नाव विचारशील?" सासूबाई चष्म्यावरून बघायच्या.

"नाव विचारीन. तुम्ही अमक्याच ना, असं विचारलं तर अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो."

"तुझ्या दादासारखा. त्याला झोपेत कुणी दुसऱ्याचा जुलाब पाजला तरी हो म्हणून घेईल."

हे पेपरामागून म्हणायचे, "घरातले सगळे रोगी माझ्यावरच का घालता?"

पण रोगी सासूबाईच होत्या. म्हणजे सरावापुरत्या. त्यांना पलंगावर झोपवून, त्यांना न उठवता खालची चादर बदलायची. त्यांचं तोंड पुसायचं. तापमान, नाडी, श्वास, ह्या क्रमाने बघायचं. सासूबाईंना ह्या सगळ्याची हौस फार. नवऱ्याच्या आजारपणात उभा जन्म दुसऱ्याची उशापायथ्याची सेवा केलेली बाई, आता कुणीतरी आपली चादर ओढून नीट करतंय ह्याचंच त्यांना अप्रूप.

आणि मग ती दुपार आली.

वन्संनी मनगट धरलं, नाडी मोजली, मग श्वास मोजला. सव्वीस आला. बसलेल्या, धडधाकट माणसाचा बारा ते वीस असावा असं पुस्तकात छापलेलं. त्यांनी पुन्हा मोजला. पुन्हा सव्वीस. त्यांनी घड्याळ काढून चटईवर ठेवलं.

"मला मोजताच येत नाही," त्या म्हणाल्या. "आईचा श्वास मला मोजता येत नाही. परक्या माणसाचा काय मोजणार कपाळ?"

आणि त्या रडायला लागल्या. नवरा गेला तेव्हा आमच्यासमोर न रडलेली ही बाई, एका आकड्यासाठी हमसून हमसून रडली. आईला काही झालं असेल हे तिच्या मनातही आलं नाही. आपलंच चुकलं, एवढंच तिला कळलं. नापास झालेल्या माणसाचं असंच होतं, जगात काही वाकडं दिसलं की त्याला आपलेच डोळे वाकडे वाटतात.

सासूबाईंनी घड्याळ उचलून तिच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "अगं, मी मध्येच बोलत होते. हललेही. थांब, आता नीट बसते. मोज."

अठरा आला.

त्या दिवसापासून आकडा कधी चुकला नाही. सोळा, अठरा, सतरा, कसा छापल्यासारखा. बारा ते वीस हे सासूबाईंना तोंडपाठ होतं, प्रश्न त्याच तर विचारत. लेकीचा धीर सुटू नये म्हणून आईने आपला श्वास आवरून धरायला सुरुवात केली. तिने मनगट धरलं की ह्या डोळे मिटून हळूहळू श्वास घ्यायच्या, देवाचं नाव घेतल्यासारख्या. वन्संच्या चेहऱ्यावर रंग आला. घरात सगळे खूष. आणि आजार बसल्या जागी अंग धरत होता.

नाडी जरा जलद यायची, पण तिला जिन्याचं निमित्त होतं. "आत्ताच वर आले ना," सासूबाई सांगायच्या. जिना त्या चढलेल्या असोत वा नसोत.

मग त्यांनी घरातसुद्धा पायमोजे घालायला सुरुवात केली. गारठा वाजतो म्हणे. मग माझ्याकडे एक जास्तीची उशी मागितली. काही दिवसांनी लोड मागितला. सकाळी मी उठायच्या आधीच त्या खिडकीशी खुर्चीत बसलेल्या असत, पांघरूण खांद्यावर. अंथरुणाकडे बघितलं तर चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. "म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच," त्या म्हणायच्या.

एकदा त्यांची नखं कापायला मी मोजे काढले. मोज्याच्या कडेची रेघ नडगीवर इतकी खोल उमटली होती की मला वाटलं दोरी बांधली होती. मी सहज बोटाने दाबलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला. मी वाट बघितली, तो भरेना.

"आई, हे काय?"

"दिवसभर पाय लोंबकळत सोडून बसते, मग पाणी उतरतं खाली. पुस्तकात आहे. विचार तुझ्या वन्संना."

पुस्तकात ते होतंच. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं. ते सासूबाईंनी वाचून दाखवलं नाही. मी वन्संना सांगितलं तेव्हा त्या पान मिटून म्हणाल्या, "वहिनी, कालच मी बघितलं तिला. श्वास सोळा, ताप नाही. आकडे नीट आहेत." ह्यांनी भर घातली, "घरात नर्स असताना तू कशाला डॉक्टरकी करतेस?" मी सासूबाईंना दवाखान्यात चला म्हटलं. "परीक्षा झाली की जाऊ," त्या म्हणाल्या. "घरात एका वेळी एकच परीक्षा पुरे."

पण मला दुसरंच दिसत होतं. सकाळी आम्ही दोघी देवापुढे बसून स्तोत्र म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणतो. सासूबाईंचा दम दांडगा. लांबलचक ओळ त्या एका श्वासात न्यायच्या आणि मी मागे राहिले की हसायच्या. आता त्या चौरंगापुढे खुर्ची घेऊन बसू लागल्या होत्या. ओळ मध्ये तुटायची. दोन शब्द, की श्वास. पुढचे दोन, की श्वास. देवाचं नावसुद्धा त्या दोन तुकड्यांत घेऊ लागल्या. मी सावकाश म्हणायला लागले, तर त्या त्याच्याही मागे.

त्याच सुमारास वन्सं परीक्षेसाठी लावलेल्या शिकवणीहून तोंड पाडून आल्या. तिथल्या बाई कडक होत्या. सगळ्या मुलींसमोर त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही रोग्याला सांगून श्वास मोजता?" ह्या हो म्हणाल्या. "मग तुम्ही श्वास मोजत नाही, रोग्याचा शहाणपणा मोजता. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. त्याला वाटू दे नाडीच चाललीय, आणि नजर छातीवर ठेवायची."

"हे तर पुस्तकात आहे," सासूबाई पटकन म्हणाल्या. "मीच तुला विचारलं होतं."

वन्सं त्यांच्याकडे बघतच राहिल्या. दुपारी त्यांनी मनगट धरलं, नाडी झाली, मनगट सोडलं नाही. सासूबाईंनी डोळे मिटले आणि हळूहळू श्वास घेतला. सोळा.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "वहिनी, तिला ती युक्ती माहीत आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी मनगट धरलं की ती ओळखते. आता मी काय करू? माझ्यासमोर ती कधी बेसावध असते?"

"तुमच्यासमोर नसतात," मी म्हटलं. "पण देवापुढे त्यांनी कधी सोंग केलेलं नाही. उद्या सकाळी आमच्या मागे बसा."

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या मागे भिंतीला टेकून बसल्या, केस विंचरायच्या निमित्ताने. सासूबाईंनी सुरुवात केली. दोन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास. मी मागे वळले नाही. फक्त फणीचा आवाज थांबला तेवढं कळलं. स्तोत्र संपलं तरी वन्सं उठल्या नाहीत. मी वळून पाहिलं तर घड्याळ त्यांच्या मुठीत होतं आणि मूठ पदराखाली.

"किती?" मी ओठांनी विचारलं.

"तीसच्या वर," त्या म्हणाल्या. मग आईसमोर जाऊन खाली बसल्या, न विचारता मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला.

सासूबाई म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आलीय. आत्ता नको."

"ऊठ आई."

"मी ठीक आहे."

"ते तू रोजच सांगतेस."

मोठ्या इस्पितळात आम्ही पोचलो तेव्हा दुपार भरात होती. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती, कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचं लेकरू निपचित पडलेलं. दारातल्या सिस्टर एकट्या सगळ्यांना बघत होत्या. बाई मायाळू होती, पण तिच्या दोन हातांना दहा हातांचं काम होतं. तिने सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काय होतंय, आजी?"

आणि सासूबाई परीक्षेला बसल्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. पाठ ताठ, डोळे मिटलेले, श्वास सावकाश. छातीत दुखतं? नाही. दम लागतो? वयाप्रमाणे. झोप लागते? लागते. किती उशा घेता? एक. त्या एकेक उत्तर पुस्तकातून काढून देत होत्या. बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर काठावरचा आकडा आला. सिस्टरने तो लिहिला, हाताने लांबचा बाक दाखवला आणि म्हणाली, "तिथे बसा. डॉक्टर बोलावतील, वेळ लागेल."

"अहो, ती खोटं सांगतेय," वन्सं म्हणाल्या.

"सगळ्याच लेकींना तसं वाटतं," सिस्टर म्हणाली. रागाने नव्हे. पुढचा माणूस तिच्या अंगावर कलंडत होता.

लांबच्या बाकाशेजारी एक रिकामी ट्रॉली होती. वन्सं तिच्यापाशी गेल्या. तिच्यावर एक उशी होती. ती त्यांनी उचलून काखेत धरली. "आई, बसून पाठ दुखेल. जरा आडवी हो."

"मी बसते."

"हो गं जरा आडवी."

लेकीने सांगितलं आणि आई आडवी झाली. सपाट. तिने डोकं उचलून मागे हात फिरवला. "उशी दे."

वन्संनी दिली नाही.

"उशी दे गं."

त्या आईच्या डोक्याशी उभ्या होत्या, उशी दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरलेली. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. मला वाटलं वन्संना वेड लागलं. सासूबाईंनी ओठ आवळले, एक श्वास सावकाश घेतला, दुसराही घेतला. तिसरा त्यांच्या ताब्यात राहिला नाही. मग जे इतके दिवस आवरून धरलं होतं ते सगळं सुटलं. गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या, ओठ जांभळट झाले, हात ट्रॉलीच्या कडा शोधू लागले. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज यायला लागला. त्या उठायची धडपड करत होत्या आणि उठता येत नव्हतं, आणि डोळे सगळा वेळ लेकीवर.

"सिस्टर," वन्सं म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, पण सगळी खोली वळली.

सिस्टर पळत आली. एका नजरेत तिला कळलं. तिने आणि वन्संनी मिळून सासूबाईंना उचलून बसतं केलं, पाय खाली सोडले, कुणीतरी ऑक्सिजनची नळी आणली, डॉक्टर आले. आता कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. त्यांना आत नेल्यावर वन्सं भिंतीशी उभ्या होत्या, उशी अजून हातात.

"असं कधी करायचं नाही म्हणून लिहिलंय," त्या मला म्हणाल्या. "दम लागलेल्या माणसाला कधीही सपाट झोपवू नये. पहिल्याच धड्यात आहे."

हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी साठलं होतं. गोळ्या चालू ठेवा, मीठ तोडा, रोज वजन करा, असं सांगून डॉक्टरांनी काही दिवसांनी घरी सोडलं. फार बरं होईल असं कुणी म्हणालं नाही. ह्यांना काय बोलावं कळेना, म्हणून नेहमीची चेष्टा करायला गेले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि वाक्य पुरं व्हायच्या आतच उठून बाहेर गेले.

घरी आल्यावर सासूबाईंनी लेकीला एकदाच विचारलं. "उशी तुझ्या हातात होती ना?"

"होती."

त्यावर दोघींत पुढे काही बोलणं झालं नाही. त्या दिवसापासून सासूबाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं नाही. वन्सं गोळ्या द्यायच्या, वजन बघायच्या, मोजे काढून पाय बघायच्या, आणि सासूबाई सगळं करू द्यायच्या, परक्या नर्सला करू द्यावं तसं. "कसं वाटतंय?" ह्याला एकच उत्तर, "ठीक." त्या उत्तरावर घरात आता कुणाचाच विश्वास नव्हता, आणि हे त्यांनाही कळत होतं. "माझ्या शब्दाला किंमत उरली नाही," त्या एकदा मला म्हणाल्या. त्यात राग नव्हता. मी देवाला सांगत होते, दोघींना एकमेकींशी बोलू दे. आईंना खरं बोलू दे. काय मागतेय ते मला कळत नव्हतं.

प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. मला ते शब्द नीट वाचता येत नसत. वन्सं हसत नसत, उत्तर देत. परीक्षेला त्या एकट्याच गेल्या. प्रात्यक्षिकात त्यांना रोगी म्हणून म्हातारा माणूस आला. त्याला त्यांनी गावाचं, नातवंडांचं विचारलं, आणि तो बोलण्यात रमला तेव्हा त्याचा श्वास मोजला. आकडा निसटला नाही, असं त्यांनी सांगितलं.

निकाल आज आला. दुपारी वन्सं दारातून आत आल्या आणि आधी हात न धुता सरळ आईच्या खोलीत गेल्या, तेव्हाच मला कळलं की पास झाल्या. सासूबाई खिडकीशी खुर्चीत होत्या. वन्संनी पायांवर डोकं ठेवलं. सासूबाईंनी त्यांच्या केसांवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"झालं ना सगळं?" त्या म्हणाल्या. "आता पुन्हा नाही ना द्यायची?"

"नाही आई. झालं."

"मग सांगते." दोन शब्द, श्वास. "सकाळपासून बरं नाही वाटत. डाव्या बाजूला दाबल्यासारखं होतंय. हातही जड आहे. काल झोपले नाही. परवाही नाही."

वन्संनी मनगट धरलं. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली, पुस्तकातल्यासारखं, शांतपणे. कधीपासून? कुठे जातं दुखणं? घाम येतो? सासूबाईंनी प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं, काही लपवलं नाही, आणि एकही उत्तर चांगलं नव्हतं. ह्यांनी गाडी आणायला जिना उतरायला सुरुवात केली होती.

मनगट वन्संच्या हातात होतं, पण घड्याळाकडे त्यांनी बघितलं नाही. सासूबाईंचा श्वास मला खोलीच्या दारापर्यंत ऐकू येत होता.